ॲशट्रेमागचा रंग

जेलरोडला, इमारतीच्या मागे, अर्ध्या पत्र्याखाली
सदुसष्ट सालची फियाट अकरा वर्षं
पूर्वेकडे तोंड करून उभी होती.
ड्रायव्हरच्या बाजूला दक्षिण.
ते दार आता ओल्या पुठ्ठ्याच्या रंगाचं,
डॅशबोर्डचा काठ भाजल्या पापडासारखा,
मागची फळी तर कुठल्याच रंगाची नाही,
नुसती म्हातारी.

मी एकतीस वर्षं छापखान्यात शाई जुळवली.
काय छापायचो ते विचारू नका,
रंग विचारा.
कागदाचा तुकडा उत्तरेच्या उजेडात फिरवून
मी सांगायचो, पिवळा अर्धा ग्रॅम जास्त झालाय.
वजनकाटा माझ्या मागून यायचा.

आता डावा डोळा नवा आहे.
दिवाळीनंतर मोतीबिंदू काढला.
त्याला भिंत दिसते निळसर पांढरी,
उजव्याला तीच भिंत
ताकात हळद पडल्यासारखी.
येत्या गुरुवारी उजवाही व्हायचाय.
सून म्हणाली, तोवर थांबा ना.
मी रेक्झिनवर साबणाचं पाणी फिरवत होतो.

वडाळा नाक्याच्या मुनाफनं
सीटची शिवण उसवून दिली, पाइपिंग नवी घातली,
पण दारांना हात लावेना.
"हा माल आता येत नाही, काका.
बेज घालू. छान दिसतो."
बेज!
ज्याला आपल्या भाषेत नाव नाही
तो रंग माझ्या गाडीत बसणार नाही.

मूळ रंग सापडला
मागच्या दारातला ॲशट्रे काढल्यावर.
बोटभर उंचीची चौकट,
पन्नासेक वर्षं अंधारात राहिलेली:
आमसूल, वाळून तिसऱ्या दिवसाचं,
काळं पडायच्या आधीचं.
आत एक विडीचं थोटूक. माझं नाही.
आधीच्या मालकाचं असेल, देवळाली कॅम्पातल्या,
नाहीतर कुमुदच्या भावाचं.
विचारायला दोघंही नाहीत.

लाल घेतला, पिवळा, वर थोडा काळा.
पट्टीवर मारून वाळू दिला;
ओला रंग खोटं बोलतो,
त्याच्याशी वाद घालायचा नसतो.
ट्यूबखाली जुळला.
पत्र्याबाहेर नेला
तर दोघं एकमेकांना ओळखेनात.
चौथी पट्टी उजव्या डोळ्याला पटली,
डावा म्हणाला, छे.
सातवी डाव्याला पटली, उजवा रुसला.
मुनाफ चहा घेऊन आला, उकिडवा बसला,
"आता कुठल्या डोळ्याचं खरं धरायचं, काका?"

रात्री अंथरुणात कळलं,
प्रश्नच चुकलाय.
डोळा हळदीचा असला
तर दोन्ही तुकड्यांवर सारखीच हळद पडते.
माल एक असेल तर भांडण नाही.
मी काळ्यानं गडद करत होतो,
आणि सदुसष्ट साली ज्यानं कुणी हा रंग घोटला
त्यानं काळ्याला हातच लावला नव्हता.
गेरू होता तो. गेरू
आणि कणभर निळा.
एकतीस वर्षं पगार खाल्ला
आणि हे सुचायला सात पट्ट्या लागल्या.

नववी पट्टी, सकाळी आठ.
उजवा मिटून बघितलं.
डावा मिटून बघितलं.
चौकट कुठे संपते
ते दोघांनाही सापडेना.

मग नुसतं काम.
थिनरचं फडकं, आठशेचा पेपर हलक्या हातानं,
पातळ चार हात, मध्ये वीस-वीस मिनिटं,
शेवटच्या हातात चमक मारायची पावडर.
पुढच्या डाव्या आर्मरेस्टला
कुमुदच्या कोपराचा खळगा आहे.
पुटी भरू का, मुनाफनं विचारलं.
मी गनचं नोझल पुसत राहिलो.
त्यानं डबा बंद केला.

बुधवारी संध्याकाळी ॲशट्रे परत बसवला.
स्क्रू दोन होते,
एकच सापडला.
दार जोरात लावलं
की खुळखुळतो.